ह्युगोला मत द्यायला पैसे भरायचे? आणि तुंबाडचं काय?

अर्ध्यारात्रीचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे विज्ञानकथा-भयकथावाले बरेच जण दिसतात म्हणून विचारतो.

कॉलेजात मला स्क्रीम अवॉर्ड्सचं भारी वेड होतं. अमेरिकेतल्या स्पाइक वाहिनीचा सोहळा, २००६ ते २०११ चालला. सायन्स फिक्शन, फँटसी, हॉरर, तिन्ही एकाच मांडवात. नामांकनं जाणकारांचं मंडळ ठरवायचं, विजेते आपण, ऑनलाइन मतांनी. त्यात ‘सर्वांत संस्मरणीय अंगविच्छेद’ असा एक विभाग होता. म्हणजे वर्षभरात पडद्यावर कुणाचं मुंडकं सर्वांत झकास उडालं त्याला बक्षीस! मी सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून मतं द्यायचो, आणि हो, तीन वेगवेगळ्या ईमेल पत्त्यांवरून द्यायचो. एकोणीस वर्षांचा होतो, काय सांगू.

आता मुद्दा. २०२४च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरला लागला तेव्हा आईला घेऊन गेलो. तिचं आजोळ देवगडकडचं. पिक्चर संपल्यावर रिक्षात ती बराच वेळ गप्प, आणि मग म्हणाली, “आमच्या वाड्यात पण एक खोली होती, कायम कुलूप असायचं.” बस्स. तेव्हापासून डोक्यात आहे की या सिनेमाला बाहेर कुठेतरी मत द्यायला हवं. शोधाशोध केली तर स्क्रीम अवॉर्ड्स केव्हाच बंद पडलेले, आणि चाहत्यांच्या मतांवर चालणारं मोठं म्हणावं असं ह्युगो दिसलं, विज्ञानकथा-फँटसीचे पुरस्कार. पण तिथे मत द्यायचं तर आधी सदस्यत्वाचे पैसे भरायचे! हे काय गौडबंगाल आहे? फुकट क्लिक करणारे चाहते नाहीत का? भयपटाला तिथे जागा आहे का? आणि मध्ये त्यात मोठी गडबड झाल्याचंही वाचलं. कुणी खरंच मत दिलंय का?

खडूस_काका

पैसे देऊन मत? आमच्या वॉर्डात मत देणाऱ्याला पैसे मिळतात. तुमची गंगा उलटी वाहतेय.

क्लाइडकाठची_नाशिककर

काका, हसले. पण पाहुणेबुवा, मी २०२४ला ४५ पौंड भरून मत दिलंय. ग्लासगोलाच राहते, आणि वर्ल्डकॉन, म्हणजे ह्युगो जिथे देतात ते संमेलन, त्या वर्षी अक्षरशः दोन स्टेशनांवर आलं होतं, त्यामुळे सांगते.

आधी वाईट बातमी. तुंबाडची गाडी गेली. तो २०१८चा सिनेमा, म्हणून त्याची पाळी २०१९ला, डब्लिनच्या वर्ल्डकॉनमध्ये. त्या वर्षी स्पायडर-मॅनच्या ॲनिमेशनपटाने रॉकेट (ह्युगोची ट्रॉफी) नेलं. पुन्हा थिएटरला लावलं म्हणून जन्मसाल बदलत नाही. आईंना सांगू नका.

हॉररचा वेगळा विभाग नाही. नियमात ‘विज्ञानकथा किंवा फँटसी’ एवढंच आहे, पण त्याची कुंपणं कुणी फारशी राखत बसत नाही, मतदारांनी मानलं की झालं. २०१८ला ‘गेट आऊट’ अंतिम यादीत होता. जिंकली ‘वंडर वुमन’. माझ्या मते चुकलंच ते, पण मी तेव्हा मतदार नव्हते, तर बोलायचा हक्क नाही.

आता पैशांचं. स्क्रीम अवॉर्ड्स वाहिनीचा होता. वाहिनीला कार्यक्रम हवा होता आणि कार्यक्रमाला टाळ्या हव्या होत्या. ह्युगो कुठल्या वाहिनीचा नाही, कंपनीचाही नाही. वर्ल्डकॉन हे चाहत्यांचं संमेलन, १९३९पासूनचं, मध्ये महायुद्धाचा खंड. दरवर्षी नवं गाव, नवे यजमान, राबणारे सगळे बिनपगारी, आणि पुढचं गाव कुठलं हेही सदस्य मतानेच ठरवतात. आपलं साहित्य संमेलन डोळ्यांपुढे आणा, फक्त व्यासपीठावरचे मंत्री वजा करा. १९५३ला फिलाडेल्फियाच्या संमेलनात पहिल्यांदा हे पुरस्कार दिले. नाव ह्युगो गर्न्सबॅकचं, ज्याने १९२६ला ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढलं. तर ते ४५ पौंड म्हणजे मताची किंमत नव्हे, मंडळाची वर्गणी. वर्गणीदार झालात की आरतीला उभं राहता येतं, तसं.

शिवाय अंतिम यादी लागली की मतदारांना वाचनाचा गठ्ठा मिळतो. कादंबऱ्या, लघुकथा, चित्रकथा, डिजिटल स्वरूपात. काही प्रकाशक पूर्ण पुस्तक देतात, काही नुसतं प्रकरण चाटवतात. मी त्या उन्हाळ्यात (आमच्याकडे उन्हाळा म्हणजे स्वेटर काढून हातात धरायचे दिवस) रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत तो गठ्ठा वाचायचे. प्रयोगशाळेत यंत्र फिरत असायचं आणि मी परग्रहावर. चार कादंबऱ्या वाचून झाल्या, पाचवी अर्धी, सहावी उघडली नाही. म्हणून त्या विभागात मी चारच पसंत्या दिल्या. न वाचलेल्याला मत देणं मला जमलं नाही.

हो, पसंत्या. तुम्ही पदवीधर मतदारसंघात मत दिलंय का? तिथे फुली नाही मारायची, १, २, ३ असे आकडे लिहायचे. तस्संच. पहिल्या फेरीत कुणाला निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा बाद, आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे. माझी पहिली पसंती तिसऱ्या फेरीत गळली आणि माझं मत दुसरीकडे सरकलं. हे मला कसं कळलं? सोहळा संपला त्याच रात्री फेरीनिहाय सगळे आकडे जाहीर झाले. आर्माडिलो नावाचं सभागृह आहे तिथे, क्लाइडच्या काठावर, खवल्या मांजर अंग चोरून बसावं तसं दिसतं. तिथून स्टेशनापर्यंत छपराची लांबलचक नळी आहे, तिला इथे स्मार्टी ट्यूब म्हणतात. त्या नळीत चालता चालता मी मोबाइलवर आकडे वाचत होते आणि समोरून येणाऱ्या ड्रॅगनवर आदळले. ड्रॅगनने सॉरी म्हटलं.

खडूस_काका

फेऱ्या, पसंत्या सगळं ठीक. पण वर्गणीच भरायची तर चार पैसेवाले पन्नास वर्गण्या भरून आपला गणपती बसवणारच. गठ्ठा मतदान कुणाला चुकलंय?

क्लाइडकाठची_नाशिककर

काका, नेमकं तेच झालं, २०१५ला. ‘सॅड पपीज’ आणि ‘रॅबिड पपीज’ अशी दोन टोळकी. त्यांचं म्हणणं, पुरस्कार फार पुरोगामी झालाय. नामांकनाच्या वेळी प्रत्येकाला एका विभागात पाच नावं देता येतात, आणि बाकीच्यांची नावं हजार ठिकाणी विखुरलेली. यांनी छापील यादी वाटली, हीच पाच लिहा म्हणून. थोडक्या माणसांत अख्खे विभाग खिशात.

मग अंतिम मतदानाला मंडळी चवताळून आली. ५,९५० मतपत्रिका पडल्या. आणि इथे आपल्या नोटाला नाही असा दात आहे: ‘पुरस्कार नाही’ हा पर्यायही पसंतीक्रमात असतो, आणि तो जिंकला तर खरंच कुणालाच मिळत नाही. त्या रात्री स्पोकेनमध्ये पाच विभागांत तो जिंकला. त्यात दोन्ही संपादक-विभाग होते, आणि यादीत न विचारता घुसवलेले काही भले लोकही त्यात भरडले गेले. ते मला अजून खटकतं.

पण त्याच वर्षी कादंबरीचं रॉकेट गेलं लिऊ त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला. आधी ती यादीत नव्हतीच. मार्को क्लूस यांनी, टोळक्याच्या यादीतून आलो हे पाहून, स्वतःचं नाव मागे घेतलं आणि ती आत आली. मूळ चिनी पुस्तक २००८चं, केन लिऊंचं इंग्रजी भाषांतर २०१४चं. इंग्रजी भाषांतर निघालं की पुस्तकाला पुन्हा पात्रता मिळते, हा नियम इथे मराठीत लिहिणाऱ्यांनी भिंतीवर चिकटवावा.

यादीवाल्यांवर उताराही काढला, २०१७पासून. समजा प्रत्येक विभागात तुमच्याकडे एक रुपया आहे. पाच नावं लिहिलीत तर प्रत्येकाला वीस पैसे. सर्वांत कमी पैसेवाल्या दोघांची जोडी लावतात, त्यांत ज्याला कमी माणसांनी लिहिलंय तो बाद. बाद झालेल्याचे वीस पैसे तुमच्या उरलेल्या चारांत वाटले जातात. असं सहा उरेपर्यंत. गठ्ठ्यातली पाचही नावं एकमेकांचेच पैसे खातात, म्हणून गठ्ठ्याच्या हाती एखाद-दोनच जागा लागतात.

प्रूफरीडर_निवृत्त

कुणी गोंधळू नये म्हणून: लिहायची नावं पाचच, पण अंतिम यादी सहाची. पूर्वी यादीही पाचची असे. बाकी चोख.

गावकुसाबाहेर

बाईंचं सगळं वाचलं. तरी मला परीक्षक बरे वाटतात. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं, लेखक नारायण विनायक जगताप. नंतर कळलं की ते जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून! नावाकडे पाहून निकाल लागू नये म्हणून. मतदानात हे जमेल का? तिथे नाव बघूनच शिक्का पडतो.

क्लाइडकाठची_नाशिककर

नाही जमणार, मान्य. नावाला मत पडतंच. पण एक सांगू? २०२३ला चेंगदूला, चीनमध्ये, संमेलन भरलं तेव्हा मतदारांनी नव्हे, मोजणाऱ्यांनी घोळ केला. आकडे तीन महिने बाहेरच आले नाहीत. जानेवारी २०२४मध्ये आले तेव्हा आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबल’पुढे नुसतं ‘अपात्र’ लिहिलेलं. नेब्युला, म्हणजे विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेचा पुरस्कार, मिळालेली कादंबरी! कारण नाही. महिन्याभरात काही ईमेल फुटले आणि कळलं की पाश्चात्त्य कारभाऱ्यांपैकी काहींनी लेखकांची चीनबद्दलची मतं आणि लेखन आधीच चाळून ठेवलं होतं. परीक्षक असते तर हे कधी कळलंच नसतं, कारण त्यांना आकडे द्यावेच लागत नाहीत.

अर्ध्यारात्रीचा_पाहुणा

बाप रे. म्हणजे वर्गणी भरूनही खात्री नाहीच. ग्लासगोत सगळं सुरळीत पार पडलं ना?

क्लाइडकाठची_नाशिककर

छे. पण कसं बिनसलं ते ऐका, तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं.

सोहळ्याच्या तीनेक आठवडे आधी, जुलैत, मोजणाऱ्यांनी स्वतःहून जाहीर केलं की ३,८१३ मतांपैकी ३७७ बाद केली. सगळी कुणा एकालाच जिंकवण्यासाठी आलेली. ओळखली कशी? काही मतदारांचं आडनाव एकच, फक्त पहिलं अक्षर बदललेलं, तेही मुळाक्षरांच्या क्रमाने. म्हणजे पाटील, फाटील, बाटील, भाटील. आणखी एका घोळक्याची नावं म्हणजे ओळीने आकडे, दुसऱ्या भाषेत. श्री. अकरा, श्री. बारा, श्री. तेरा! मला ते वाचून भरल्या बसमध्ये हसू आवरेना. ३७७ गुणिले ४५ करून बघा, सतरा हजार पौंडांच्या घरात जातं. एवढे पैसे ओतायची तयारी, आणि नावं सुचेनात.

ही मतं धरली असती तर तो उमेदवार जिंकला असता. त्याचं नाव त्यांनी सांगितलं नाही, कारण त्याला यातलं काही ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता. ते मला आवडलं. मी तेव्हा मत देऊन बसले होते, आणि खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपलं मत कुणीतरी खरोखर हातात घेऊन बघितलंय.

फुकट क्लिकमध्ये हे कोण बघणार? सायबर कॅफेतल्या तुमच्या तीन मतांपैकी किती धरली, ते तुम्हाला आजतागायत माहीत आहे का?

खडूस_काका

बाटील. 😂 आमच्या मतदारयादीत आहेत दोन.

अर्ध्यारात्रीचा_पाहुणा

गप्प बसलो. बरं, २०२६चं अनाहाइमला आहे म्हणे, कॅलिफोर्नियात, ऑगस्टअखेरीस. तिकडे जाणं होणार नाही. घरबसल्या मतदानापुरतं सदस्यत्व घेता येतं ना? आईला विचारलं, तिलाही घेऊ का. म्हणाली, “वाचून कोण दाखवणार, तू?”

क्लाइडकाठची_नाशिककर

येतं की. मत देण्यापुरतं सदस्यत्व वेगळं मिळतं, प्रत्यक्ष हजेरीचे पैसे वेगळे. यजमान बदलले की दर बदलतो, तेवढा बघून घ्या. गठ्ठा आला की रोज रात्री एक लघुकथा आईंना वाचून दाखवा, लघुकथा सहाच असतात, आठवड्यात संपतील. दोघांची मतं वेगवेगळी पडू देत. आणि पाहुणेबुवा, या वेळी ईमेल पत्ता एकच.