ज्युदोचा स्वतंत्र वर्ग सुरू करत आहे : मॅट, शुल्क आणि स्पर्धा यांबाबत सल्ला हवा

गोदाकाठ : नमस्कार. नाशिकमध्ये एका ज्युदो वर्गात मी काही वर्षे साहाय्यक प्रशिक्षक आहे आणि येत्या जूनपासून स्वतःचा वर्ग सुरू करण्याचे ठरवले आहे. दुसऱ्या मजल्यावरचा सुमारे हजार चौरस फुटांचा हॉल भाड्याने मिळतो आहे. शिकवण्याची धास्ती वाटत नाही, वर्ग चालवण्याची वाटते. मॅट किती आणि कोणत्या घ्याव्यात, शुल्क दरमहा घ्यावे की तिमाही, आणि पहिल्याच भेटीत ‘पट्टा कधी, स्पर्धा कधी, दहावीला गुण मिळतील का’ असे विचारणाऱ्या पालकांना काय सांगावे? ज्यांनी स्वतः वर्ग चालवला आहे त्यांनी कृपया लिहावे.

जुना पट्टा : सर्वप्रथम मॅट. कराटेच्या वर्गात दिसणाऱ्या, कोड्यासारख्या एकमेकींत अडकणाऱ्या पातळ मॅट स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर फेक, म्हणजे जोडीदाराला मॅटवर पाडण्याचे डाव, शिकवू नका. ज्युदोची मॅट साधारणतः दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि चार सेंटिमीटर जाड असते. अशा चोवीस मॅटमध्ये सहा बाय आठ मीटरचे क्षेत्र होते आणि तुमच्या हॉलमध्ये ते भिंतींपासून अंतर राखून बसते. तेवढ्या जागेत एका वेळी किती जोड्या सुरक्षितपणे फेकू शकतील, हे पाहूनच तुकडीची संख्या ठरवा. पैसे कमी असतील तर आरसे, फलक आणि पंचिंग बॅग पुढच्या वर्षी घ्या.

दुसरी गोष्ट उकेमीची, म्हणजे पडण्याच्या सरावाची. जपानमध्ये १९८३पासूनच्या काही दशकांत शाळांमधील ज्युदोत शंभराहून अधिक मुले दगावली. त्यांत डोक्याच्या दुखापतींचा वाटा मोठा होता, नवशिक्यांचे प्रमाण लक्षणीय होते आणि ओसोतो गारीसारखी मागे पाडणारी फेक त्यांत वारंवार आढळली. म्हणून ज्या मुलाची हनुवटी पडताना आपोआप छातीकडे जात नाही, त्याला कोणाच्याही आग्रहास्तव दुसऱ्या मुलाकडून फेकले जाऊ देऊ नका. डोक्याला मार लागला तर मूल ‘मी ठीक आहे’ म्हणाले तरी त्या दिवसाचा त्याचा सराव थांबवा, पालकांना स्वतः कळवा आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय त्याला पुन्हा मॅटवर घेऊ नका.

स्पर्धेबद्दल पालकांना सांगण्यासारखे एक उदाहरण आहे. २०२२ मध्ये जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली, कारण जिंकण्याच्या अट्टहासापायी लहान मुलांवर वजन घटवण्याचा आणि निकालाचा ताण येत होता. ज्या देशात हा खेळ जन्मला त्या देशाला जे थांबवावेसे वाटले, ते आपण आठ वर्षांच्या मुलांकडून करवून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

तिमाही : मी पैशांविषयी लिहितो. शुल्क तिमाही आणि आगाऊ घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे वर्ग रोडावतो, मे महिन्यात सुट्टीच्या शिबिराने भरतो, गणपती आणि दिवाळीत पुन्हा पांगतो, आणि दहावीत गेलेले मूल बहुधा परत येत नाही. भाडे मात्र बारा महिने द्यावे लागते. किमान तीन महिन्यांचे भाडे बाजूला ठेवूनच सुरुवात करा. वर्ग जगतो तो नवशिक्या मुलांच्या शुल्कावर, पदक आणणाऱ्या चार-पाच जणांवर नाही. त्यामुळे सर्वांत अनुभवी प्रशिक्षकाने, म्हणजे तुम्ही स्वतः, नवशिक्यांची तुकडी घ्यावी; ती साहाय्यकावर सोपवण्याची पद्धत मला चुकीची वाटते.

पट्ट्याच्या परीक्षेला उत्पन्नाचे साधन करू नका. एकदा भाडे परीक्षाशुल्कातून निघू लागले की कोणालाही नापास करणे परवडत नाही, आणि पिवळ्या पट्ट्याच्या मुलाला नीट पडताही येत नाही अशी अवस्था होते.

मॅटवरची ताई : दहावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांबाबत स्पष्ट बोला. ते नुसत्या वर्गाला येण्याने मिळत नाहीत. मान्यताप्राप्त स्पर्धेतील ठरावीक स्तराचा सहभाग किंवा यश लागते. नियम बदलत असल्याने पालकांना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करायला सांगा, स्वतः कोणतेही आश्वासन देऊ नका.

ज्युदोत पकड अंगाला अंग भिडवूनच शिकवावी लागते. म्हणून कोणती पकड कशी आणि का धरली जाते हे पालकांसमोर दाखवा, सराव त्यांना पाहू द्या, मुलींसाठी कपडे बदलण्याची स्वतंत्र जागा ठेवा आणि शक्य असल्यास एक महिला प्रशिक्षक नेमा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२च्या कायद्यानुसार असा प्रकार कळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हे प्रत्येक साहाय्यकाला पहिल्याच दिवशी सांगा. मॅट रोज जंतुनाशकाने पुसा, नखे तपासा, आणि नायटा झालेल्या मुलाला बरे होईपर्यंत घरी ठेवा. पावसाळ्यात तो भराभर पसरतो.

गोदाकाठ : मनःपूर्वक आभार. दुसरा मजला असल्याने काही अडचण येईल का?

जुना पट्टा : येईल. दहा मुले एकदम उकेमी करू लागली की खालच्या छताला हादरे बसतात. करार करण्यापूर्वी खाली कोण राहते किंवा काय चालते ते पाहा, मित्रांकडून संध्याकाळी अर्धा तास पडण्याचा सराव करवून घ्या आणि त्या वेळी स्वतः खाली उभे राहून आवाज ऐका. खाली दवाखाना किंवा अभ्यासिका असेल तर ही जागा सोडा आणि थोडे जास्त भाडे देऊन तळमजला घ्या.