मदत हवी आहे : दशावतारातील उत्स्फूर्त संवाद आणि प्रतिभेचा प्रश्न

नमस्कार. कुडाळजवळच्या आमच्या गावातील वाचनालयात पुढच्या महिन्यात मला कल्पनाशक्ती या विषयावर बोलायचे आहे आणि तयारी एका ठिकाणी अडली आहे.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1781 मध्ये कल्पनाशक्तीचे दोन प्रकार मांडले: पूर्वानुभव पुन्हा मनासमोर आणणारी आणि अनुभवालाच मुळात आकार देणारी. आपल्याकडे संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने कवीची कारयित्री (निर्मिती करणारी) आणि रसिकाची भावयित्री (ग्रहण करून आस्वाद घेणारी) अशी प्रतिभेची विभागणी केली. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र आमच्या जत्रेतला दशावतार, म्हणजे कोकणातले लोकनाट्य, येतो. तिथे आख्यान आधी ठरते, पण लिखित संहिता नसते. संवाद नट उभ्या उभ्याच रचतात. गेल्या जत्रेत लाकडी बाकावर बसलेल्या राजाला राणीने अनपेक्षित प्रश्न विचारला, तेव्हा तो क्षणभर थांबला, पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, आणि मग आलेल्या उत्तराने सगळा मांड (खेळाची जागा) स्तब्ध झाला.

ही नवनिर्मिती म्हणावी, की पुराणे आणि वर्षानुवर्षे कानांवर पडलेली वाक्ये यांची केवळ नवी जुळणी? मला पहिले मत पटते, कारण नुसत्या जुळणीतून त्या क्षणाचे औचित्य कसे साधते याचा उलगडा होत नाही. पण हे युक्तिवादाने मांडणे मला जमलेले नाही. समोरच्याचे वाक्य ग्रहण करण्यातच नटाची निर्मिती सुरू होते का, म्हणजे भावयित्री प्रतिभा त्याच्यातही असते का, यावर मराठीतील लेखन कृपया सुचवावे. ज्यांनी स्वतः दशावतारात काम केले आहे, त्यांनी त्या थांबलेल्या क्षणी मनात नेमके काय चालते ते लिहिले, तर मला त्याचा सर्वाधिक उपयोग होईल.