मदत हवी आहे: टी-१२ इजा, दोन्ही पायांना लांब कॅलिपर करून घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ आंबे उतरवताना झाडावरून पडला. टी-१२, म्हणजे छातीच्या भागातल्या शेवटच्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूची पूर्ण इजा आहे, कंबरेखाली हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही. मणक्यात रॉड-स्क्रू आहेत. हात दणकट आहेत, व्हीलचेअरवर आपला आपण चढतो-उतरतो. टिल्ट टेबलवर (पट्ट्याने बांधून हळूहळू उभं करतात ते टेबल) उभं केलं की बीपी उतरून चक्कर यायची, ती आता थांबलीय. फिजिओथेरपिस्टनी मांडीपासून तळपायापर्यंतचे कॅलिपर, म्हणजे केएएफओ, सुचवलेत.

त्यांनी सांगितलं ते असं. गुडघ्याचं लॉक बसलं की पाय ताठ राहतो. कंबर पुढे, खांदे मागे ठेवले की खुब्याच्या पुढचं लिगामेंट ताणलं जातं आणि त्याच्या आधाराने माणूस उभा राहतो. खुबा आखडलेला असेल तर हे जमतच नाही, म्हणून रोज पालथं झोपवणं आम्ही चुकवत नाही. चालताना कुबड्या पुढे टाकून दोन्ही पाय एकदम झोकायचे. यात सगळा भार हातांवर येतो आणि दम फार लागतो.

व्हीलचेअर कायम राहणार हे त्याने मनापासून स्वीकारलंय. शेजारीपाजारी 'कधी चालणार?' विचारतात आणि आई खचते, ते वेगळं. त्याला स्वतःला आमच्या किराणा दुकानात काउंटरला टेकून उभं राहायचंय, वरच्या फळीवरचा माल काढायचाय. तेवढ्यासाठी स्टँडिंग फ्रेम (आधार देऊन उभं ठेवणारी चौकट) पुरेल की कॅलिपरच हवेत? घरी आल्यावरही ज्यांनी कॅलिपर नेमाने वापरले, त्यांचे अनुभव हवेत. ज्यांचे कोपऱ्यात पडून राहिले, त्यांनीही का ते कृपया लिहा.

दुसरी काळजी त्वचेची. संध्याकाळी त्याचे घोटे सुजतात. प्लास्टिकचे कॅलिपर हलके, बुटात मावतात, पण अंगाला घट्ट बसतात. सूज आली की दाबणार, आणि त्याला कळणार नाही. धातू-चामड्याचे जड, पण पट्टे सैल करता येतात. कोकणातल्या घामात कोणते टिकतात? कॅलिपर काढल्यावर लाल डाग किती वेळात जायला हवा, असं तुम्हाला सांगितलं होतं? टाचेवर एकदा जखम झाली की भरायला महिने जातात, त्याची मला फार भीती वाटते.

मुंबईत हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत कुणी माप दिलंय का? यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) झालंय. एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) असे मापाचे कॅलिपर मिळाले असतील तर कोणती कागदपत्रं लागली, आणि फिटिंगसाठी पुन्हा पुन्हा जावं लागलं का?