ग्रामसभा दरवेळी तहकूब का होते?

बांधावरून: कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) किती लागतो? आमच्याकडे नेहमी ‘गणपूर्तीअभावी तहकूब’.

चावडी: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा. खरी गंमत पुढे आहे: तहकूब सभेला कोरमच लागत नाही! त्यामुळे पहिली सभा ओस पडणं काहींच्या पथ्यावरच पडतं. दुसऱ्या सभेची तारीख फलकावर पाहा, तिलाच जा.

जुना_कारकून: सभेचं इतिवृत्त (काय ठरलं याची लेखी नोंद) माहिती अधिकारात मागा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘का’ विचारू नका, ‘अमुक तारखेच्या इतिवृत्ताची व हजेरीपटाची प्रत’ असंच लिहा. प्रतीला पानामागे 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर नाही? पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

बांधावरून: हजेरीपटावर सह्या सापडतील, माणसं कुठली!