मध्यस्थीच्या प्रार्थनेत लेकरांनी बसायचंच का?

दोन लेकरांची आई (सात रस्ता): चर्चमध्ये गायनं चालू असतात तोवर माझी पोरं खुशीत. पेटी-तबला ऐकून चार वर्षांचा धाकटासुद्धा टाळ्या धरतो. मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना लागली की मात्र संपलं. आजारी, परीक्षेला बसलेले, परगावी गेलेले, सरकार, पाऊस... एकेकाचं नाव घेऊन होते, होऊ दे. पण सोलापूरच्या मे महिन्यात, 42 अंशांत, डोळे मिटून 20 मिनिटं गप्प? परवा धाकट्यानं बाकाखाली शिरून पुढच्या आजींनी काढून ठेवलेल्या चपला तिसऱ्याच ओळीत नेऊन ठेवल्या. आजी हसल्या. मागून "वळण नाही" हे ऐकू आलंच. सहा वर्षांखालच्यांना तेवढ्यापुरतं शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धड्यांच्या) खोलीत नेऊ द्या, एवढंच म्हणते.

निवृत्त मास्तर: ताई, आज लेकराला उठून जायची सवय लागली की सोळाव्या वर्षी ते बाहेर गाडीवरच बसतं. आम्ही भावंडं आईचा पदर धरून बसायचो. कळायचं काहीच नाही, पण प्रार्थनेत आपल्या घराचं नाव आलं की कान टवकारायचे. आणि शब्बाथ शाळा उपासनेऐवजी म्हणून निघालेली नाही. रॉबर्ट रेक्सनं 1780 साली इंग्लंडात ग्लॉस्टरला ती काढली, ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांना वाचायला शिकवण्यासाठी. धडा झाला की पोरांना चर्चलाच नेत!

एक जण (रेल्वे लाईन्स): मास्तर, बायबलात मार्क 10 मध्ये येशूनं लेकरांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला, गप्प बसवलं नाही. नहेम्या 8 बघा. एज्रा शास्त्र्यानं पहाटेपासून दुपारपर्यंत मोशेचं नियमशास्त्र वाचलं, पण ऐकायला कोण? पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना ऐकून समजत होतं ते.

निवृत्त मास्तर: ते वाचन झालं. प्रार्थनेचं बोलायचं तर एज्रा 10:1 काढा. तो रडत प्रार्थना करत होता, तेव्हा भोवती पुरुष, स्त्रिया आणि मुलंही जमली होती.

एक जण (रेल्वे लाईन्स): हे बरं सापडलं तुम्हाला. पण जमली होती, बसवली नव्हती.

पेटीवाला: मी पेटीवर असतो, तिथून अख्खी मंडळी समोर दिसते. लेकरं चुळबुळतात हे खरं, पण मोठ्यांचे मोबाईलही बाकाखाली उजळतात, त्याला वळण म्हणायचं का? प्रेषितांची कृत्ये 20 मध्ये पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं, तर खिडकीत बसलेला युतुख झोपेत तिसऱ्या मजल्यावरून पडला. (जगला, काळजी नसावी.) तो तर तरुण होता. लेकरं बाहेर काढण्यापेक्षा प्रार्थना तोडा. चार तुकडे, मधे एकेक कडवं. मी वाजवतो.

निवृत्त मास्तर: कडव्याला हरकत नाही. पण पाळकसाहेबांना हे सांगणार कोण? आणि प्रभूच्या, म्हणजे येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेला लेकरं आमच्याशेजारीच उभी हवीत.

दोन लेकरांची आई: ती धाकट्याला पाठ आहे, मास्तर. मधल्या तुकड्यांचं बोला.