मंडळातर्फे पर्यावरणवाल्यांचा सत्कार करायचाय, कुणाचा आणि कसा?

पेठेतला_पोरगा:
मंडळी, गणपतीच्या वर्गणीतनं थोडे पैसे उरलेत. पोरांचं म्हणणं हाय की डॉल्बीत घालवण्यापेक्षा नदी, तळं, झाडं यांच्यासाठी राबणाऱ्यांचा सत्कार करूया. नावं काढायला बसलो तर सगळी तीच, ५ जूनला पेपरात फोटो असणारी. निवडायचं कसं? आणि शाल-श्रीफळ सोडून काय देता येईल?

रंकाळा_राउंड:
भावा, यंदा झाडं लावणाऱ्याला यंदा बोलवायचंच नाही. पावसात काय, रोवलेल्या काठीलाबी पालवी फुटतीया, खरा दम लागतोय एप्रिल-मेमधी कॅन घेऊन टेकडी चढताना. दोन उन्हाळे काढलेली झाडं दाखव म्हणायचं. कुठली लावल्यात तेबी बघा. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेचं, भराभर वाढतंय म्हणून लावत सुटतात. उंबर-जांभूळ लावणाऱ्याचं काम लवकर दिसत नाही, पण पाखरं तिथंच येत्यात.

मास्तर_कळंबा:
केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढणाऱ्यांना विसरू नका. कमरेएवढ्या घाण पाण्यात उभं राहून ओढायचं, मुळ्या चिखलानं भरलेल्या, काठावर टाकेपर्यंत हात भरून येतात, आणि तुकडा राहिला की परत फुटतंयच. ते माजतं सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर, म्हणजे नाला अडवल्याशिवाय नदीतलं केंदाळ कितीही काढा. त्यामुळं नाल्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज करत बसणारा पण यादीत पाहिजे, त्याचा फोटो कधी येत नाही.

कुणीतरी म्हणणारच, केंदाळ काढणारे पगारी आहेत, त्यांचं कामच आहे. मग क्रिकेटवाल्यांना काय फुकट खेळवतात होय, त्यांच्या मिरवणुका काढतोयच की.

भुदरगडकर:
आमच्याकडं या फेब्रुवारीत. नवं गवत चांगलं येतंय म्हणून कोण तरी डोंगराला काडी लावतंय आणि लावलेली रोपं एका दुपारी खल्लास. गावातली पोरं आग पुढं सरकू नये म्हणून आधीच गवत कापून मोकळा पट्टा, जाळरेषा, काढत्यात, वणवा लागलाच तर ओल्या डहाळ्यांनी झोडपून इझवत्यात. देवराईत कुऱ्हाड न लावणारी म्हातारी माणसंबी हायत. झाड लावलं तर मोजता येतंय, वाचवलेलं कोण मोजतंय? नुस्तं कौतुक नको, चांगलं बूट द्या, चप्पल वितळतीया तिथं.

मास्तर_कळंबा:
आणि राज्य सरकारचा छत्रपती शिवाजी महाराज वनश्री पुरस्कार आहे, व्यक्ती, संस्था, शाळा, ग्रामपंचायत असे वेगवेगळे गट असतात. चांगला माणूस सापडला तर त्याचा अर्ज मंडळानंच भरून द्या, फोटो-कागद जमवायला राबणाऱ्याला कुठला वेळ?

पेठेतला_पोरगा:
नाद खुळा! मीटिंगमधी ठेवतो. शाली कॅन्सल. केंदाळवाल्यांना गमबूट आणि हातमोजे, टेकडीवर एप्रिल-मेचा टँकर, अर्जाचं काम आमच्या वकिलाकडं. भुदरगडकर, तेवढे पोरांच्या बुटांचे नंबर पाठवा.

भुदरगडकर:
आज रात्री पाठवतो. दोघांचं पाय लई मोठं हायत, आधीच सांगून ठेवतोय.