भाड्याचं घर, गळके नळ, बिघडलेला गीझर : तुमचे अनुभव सांगा

नव्या घराची चावी मिळते, सामान लागतं आणि पहिल्याच आठवड्यात एकेक बिघाड वर येतो. मग खर्च कुणाचा, यावरून मालकाशी पहिली कुरबुर. तुमच्याकडे काय बिघडलं, कारण काय निघालं, पैसे कुणी भरले, हे जरूर लिहा. घर शोधणाऱ्यांना खरंच मदत होईल.

---

वाकड, पुणे. आमच्या इमारतीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. गीझर तासभर लावला तरी पाणी कोमटच. मालक म्हणाले, "तुम्ही आल्यावर बिघडला, तुम्हीच बघा." इलेक्ट्रिशियनने कॉइल बाहेर काढली, तर तिच्यावर क्षारांचा जाडजूड थर. आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो स्वतः झिजतो म्हणून टाकी गंजत नाही; त्याची नुसती तार उरली होती. असा थर आठवड्यात चढत नाही! फोटो पाठवल्यावर मालकांनी कॉइल आणि रॉड दोन्हींचे पैसे दिले.

त्याहून गंभीर गोष्ट त्याच दिवशी दिसली. 2000 वॅटचा गीझर, म्हणजे जवळपास 9 अँपिअर, आणि कुणीतरी प्लग बदलून तो 6 अँपिअरच्या सॉकेटला जोडलेला. सॉकेट काळं पडलं होतं. गीझरला 16 अँपिअरचाच पॉइंट हवा आणि अर्थिंग तपासलेलं हवं. घर बघायला जाल तेव्हा हे आधी बघा, रंगरंगोटी नंतर.

---

डोंबिवली. टाकीचं पाणी उगाच संपायचं. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकला, फ्लश न करता थांबलो. थोड्या वेळाने कमोडच्या भांड्यात रंग उतरला. आतलं रबर बदललं, गळती थांबली. किरकोळ काम, पैसे आम्हीच दिले.

---

ठाणे. खालच्या काकू छताची ओल दाखवायला वर आल्या. मालक परदेशी. प्लंबर लगेच टाइल्स फोडायला निघाला होता, मी थांबवलं. सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहिला, काटा हलला नाही. म्हणजे दाबाची लाइन, नळांना पाणी आणणारे पाइप, ठीक. ओल आंघोळीनंतरच वाढायची, दोष नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या फरशीतून सांडपाणी जातं त्या भागाच्या) जोडात निघाला. काम तेवढ्यापुरतंच झालं आणि खर्च मालकांनी भाड्यातून वळता केला.

---

करारांचं काम करते म्हणून लिहिते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार नोटिशीनंतर 15 दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. पण 11 महिन्यांचे आपले करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे भाडेकरू न ठरवता फक्त राहायची परवानगी देणारे असतात, त्यामुळे या कलमावर विसंबू नका. कॉइल, मोटर, भिंतीतले पाइप मालकाकडे. वॉशर, बल्ब, फिल्टर राहणाऱ्याकडे, असं करारातच लिहून घ्या. अशा कराराचीही नोंदणी याच कायद्याच्या कलम 55 नुसार बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची.

---

वॉशिंग मशीन पाणी घेत नसेल तर मेकॅनिक बोलावण्याआधी मागच्या पाइपच्या तोंडाची जाळी काढून धुवा. आमच्या जाळीत टँकरचा गाळ होता.